उशिरा उगवलेली पेरणी
एका विस्मृत इटालियन वाद्यवृंदाच्या ध्वनिफितींची कथा



शेतकऱ्याच्या घरी धान्य दोन प्रकारचे असते. एक खाण्याचे आणि दुसरे बियाण्याचे. खाण्याचे धान्य वर्ष सरता सरता संपून जाते. बियाणे मात्र उन्हात वाळवून, राख मिसळून, निराळ्या कणगीत जपले जाते. ते आज कोणाचे पोट भरीत नाही. ते पुढच्या पावसाची वाट पाहत असते. कलाकृतींचेही पुष्कळदा असेच घडते. काही कृती जन्माला येताच लोकांच्या मुखी होतात, तर काहींना आपला हंगाम येईपर्यंत वर्षानुवर्षे अंधारात पडून राहावे लागते. अशाच एका कृतीची हकीकत या लेखात सांगावयाची आहे. ती इटली देशातील आहे. आणि योगायोग असा की, त्या कृतीचे नावच मुळी ‘पेरणीचा काळ’ असे आहे.

संगीताची भूमी

युरोपीय संगीताच्या परिभाषेतील कितीतरी शब्द इटालियन आहेत. पियानो, ऑपेरा, सोलो, टेंपो हे शब्द आपल्या कानांवरून नेहमी जातात. ते सारे त्याच भाषेतले. पियानो हे वाद्यही १७०० सालाच्या सुमारास फ्लोरेन्स नगरात बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने घडविले. अशा देशातील तरुणांच्या कानांवर १९६० नंतरच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतील ‘रॉक’ संगीत पडू लागले. विजेवर चालणारी गिटार, खर्जातील सुरांची बेस गिटार आणि ड्रम यांवर उभे असलेले हे संगीत प्रथम नाचाचे व करमणुकीचे मानले जाई. परंतु १९६९ च्या सुमारास इंग्लंडमधील काही वाद्यवृंदांना वाटू लागले की, तीन मिनिटांच्या गाण्यात आपला आशय मावत नाही. त्यांनी पंधरा-वीस मिनिटांच्या दीर्घ रचना बांधल्या, त्यांत अभिजात संगीताची वळणे घेतली, बासरी, ऑर्गन आणि व्हायोलिन यांना स्थान दिले, आणि गीतांत कथा, पुराण व तत्त्वचिंतन आणले. ‘किंग क्रिमसन’ या वृंदाची १९६९ मधील पहिली ध्वनिमुद्रिका या प्रवाहाचा एक मोठा टप्पा समजली जाते. या संगीतास ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’, म्हणजे प्रगतिशील रॉक, असे नाव पडले.

येथे एक तांत्रिक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जुन्या, मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन-साडेतीन मिनिटांचेच संगीत मावत असे. आपल्याकडील थोर गायकांनी तासभर रंगणारे ख्याल त्या तीन मिनिटांत कसे कोंबले, हे जुन्या तबकड्या ऐकणाऱ्यांस ठाऊक आहेच. १९४८ मध्ये मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी आली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. पात्र मोठे झाले, तेव्हा त्यात अधिक पाणी भरण्याची इच्छा कलावंतांना होणे स्वाभाविक होते.

इटालियन तरुणांनी या नव्या संगीताचे जे स्वागत केले ते विलक्षण होते. ‘व्हॅन डर ग्राफ जनरेटर’ या इंग्लिश वृंदाची १९७१ ची ध्वनिमुद्रिका मायदेशी फारशी खपली नाही. इटलीत मात्र ती १९७२ मध्ये विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. कारण उघड आहे. ज्या देशात ऑपेरा हा लोकांच्या जिव्हाळ्याचा विषय होता, त्या देशाला दीर्घ, नाट्यमय आणि भावनांनी ओथंबलेले संगीत परके वाटण्याचे कारण नव्हते. लवकरच इटलीतच असे वृंद निर्माण झाले. त्यांची नावे मोठी गमतीची होती. ‘ले ओर्मे’ म्हणजे पाऊलखुणा. ‘बांको देल मूत्वो सोक्कोर्सो’ म्हणजे परस्पर साहाय्यक पेढी. सर्वांत प्रसिद्ध वृंदाचे नाव होते ‘प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी’, म्हणजे पारितोषिकप्राप्त मार्कोनी बेकरी! गोव्यातील वाचकांस यातील ‘फोर्नेरिया’ शब्दाची ओळख पटावी. आपल्या गावच्या पदेराच्या भट्टीला कोंकणीत ‘फोर्न’ म्हणतात. तो शब्द पोर्तुगीजांकडून आला. आणि पोर्तुगीज ‘फोर्नो’ व इटालियन ‘फोर्नो’ ही दोन्ही एकाच लॅटिन मातेची लेकरे आहेत.

या बेकरीवाल्यांना १९७३ मध्ये इंग्लिश गीतांसह परदेशी बाजारात प्रवेश मिळाला आणि त्यांचे नाव सर्वदूर झाले. पण प्रत्येक यशस्वी वृंदामागे कितीतरी छोटे वृंद असे होते की, ज्यांनी एखादी तबकडी काढली आणि जे काळाच्या पडद्याआड गेले. आपली कथा अशाच एका वृंदाची आहे.

लेक्को गावचे सहा तरुण

उत्तर इटलीत आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी कोमो नावाचे सुंदर सरोवर आहे. दक्षिणेकडे त्याला दोन फाटे फुटतात. त्यांतील पूर्वेकडच्या फाट्याच्या टोकाशी लेक्को हे गाव वसले आहे. पाठीशी करवतीच्या दात्यांसारखी शिखरे असलेला रेसेगोने पर्वत, पुढे सरोवराचे पाणी आणि गावात लोखंडकामाचे कारखाने, असे त्याचे रूप. इटालियन साहित्याच्या अभ्यासकांना हे गाव आणखी एका कारणाने माहीत असते. आलेस्सांद्रो मांझोनी या थोर लेखकाची १८२७ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’, म्हणजे ‘वाग्दत्त वधूवर’, ही कादंबरी याच परिसरात घडते. तीत फ्रा क्रिस्तोफोरो नावाचा एक साधू आहे. तारुण्यात रस्त्यावरच्या भांडणात त्याच्या हातून एकाची हत्या होते, आणि त्या पश्चात्तापाने तो संसार सोडून मठात जातो. हे पात्र वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याची आठवण काढण्याचा प्रसंग येणार आहे.

या लेक्को गावात १९७२ मध्ये दोन स्थानिक वृंदांतील तरुण एकत्र आले आणि त्यांनी एक नवा वृंद स्थापन केला. त्याचे नाव त्यांनी ठेवले ‘बिल्येत्तो पेर लिन्फेर्नो’, म्हणजे ‘नरकाचे तिकीट’! नाव ऐकून दचकण्याचे कारण नाही. ‘इन्फेर्नो’ हा शब्द इटालियन मुलाला प्रथम भेटतो तो महाकवी दान्तेच्या शंभर सर्गांच्या महाकाव्यात. त्याच्या पहिल्या खंडाचे तेच नाव आहे. दान्ते नरकात उतरतो तो तेथे राहण्यासाठी नव्हे, तर माणसाच्या पापाचे स्वरूप पाहून, त्यातून वर येण्यासाठी.

वृंदात सहा जण होते. क्लाउदिओ कानाली गात असे आणि बासरी वाजवी. मार्को माइनेत्ती गिटारवर, फाउस्तो ब्रांकीनी बेस गिटारवर आणि माउरो न्येक्की ड्रमवर असे. ऑर्गन, पियानो आणि विजेवर सूर निर्माण करणारा सिंथेसायझर ही स्वरपट्टीची वाद्ये सांभाळण्यास मात्र दोघे जण होते, आणि दोघांचेही नाव ज्युसेप्पे! तेव्हा ज्युसेप्पे बान्फीला सारे ‘बाफ्फो’, म्हणजे ‘मिशीवाला’, म्हणत आणि ज्युसेप्पे कोस्साला ‘पिल्ली’. एका वृंदात स्वरपट्टीचे दोन वादक असणे ही त्या काळी नेहमीची गोष्ट नव्हती. त्यामुळे त्यांच्या वादनाला एक भरदारपणा आला होता.

१९७४ मध्ये मिलान येथील ‘ट्रायडेंट’ या छोट्या कंपनीने त्यांची पहिली तबकडी काढली. तीत ‘चिंता’, ‘कबुलीजबाब’, ‘एक विलक्षण राणी’, ‘हिमवर्षाव’ अशा अर्थांची शीर्षके असलेली गाणी आहेत. एखादी रचना बासरीच्या हळुवार सुरांनी सुरू होते, श्रोता त्या शांततेत स्थिरावतो न स्थिरावतो तोच ऑर्गन आणि गिटार यांचे वादळ उठते; आणि पुन्हा सारे निवळून एकटा मानवी आवाज उरतो. कानाली गाणे नुसते म्हणत नाही, एखाद्या नटाप्रमाणे ते वठवितो. ‘कबुलीजबाब’ या गीताचा विषय पाप, अपराध आणि क्षमा हा आहे. मांझोनीच्या गावच्या तरुणांना हा विषय सुचावा, यात नवल ते काय?

पीक आले, पण बाजार उठला

पहिल्या तबकडीच्या पाठोपाठच, वृंदाने दुसरीची तयारी केली. गीते रचली, बसविली, आणि मुद्रणगृहात जाऊन ध्वनिफितीवर उतरविली. या संग्रहाचे नाव ‘इल तेंपो देल्ला सेमिना’. ‘तेंपो’ म्हणजे काळ. संगीतात आपण लयीला ‘टेंपो’ म्हणतो तो हाच शब्द. ‘सेमिना’ म्हणजे पेरणी. ‘पेरणीचा काळ’ या मुख्य गीताबरोबर त्यात ‘जग, झुंज, विचार कर’, ‘न्याय्य राज्य करण्याची उदात्त कला’, ‘पित्याचे गाणे’, ‘एकटा, पण जिवंत’ अशा अर्थांची शीर्षके आढळतात. एका गीताचे नाव तर भाषेच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहण्यासारखे आहे: ‘मेंते, सोला मेंते’. ‘मेंते’ म्हणजे मन, आणि ‘सोला मेंते’ म्हणजे एकटे मन. पण हे दोन शब्द जोडून ‘सोलामेंते’ म्हटले की अर्थ होतो ‘केवळ’. शिवाय ‘मेंते’ याच रूपाचा दुसरा अर्थ ‘तो खोटे बोलतो’ असाही आहे. आपल्या पंतकवींच्या श्लेषाची आठवण व्हावी असे हे नाव आहे.

शेत नांगरले, पेरले. आता केवळ तबकडी छापून दुकानांत जाण्याचा अवकाश होता. एवढ्यात ट्रायडेंट कंपनीने आपला व्यवसाय बंद केला. कंपनी गेली, तसा संग्रहही प्रकाशनावाचून राहिला. थोड्याच काळात वृंद फुटला आणि ज्याने त्याने आपापली वाट धरली.

तरुणांच्या कष्टांवर हा केवढा आघात असेल, याची कल्पना विद्यार्थ्यांना सहज करता येईल. वर्षभर अभ्यास करावा, उत्तरपत्रिका लिहून द्यावी, आणि निकाल लागण्यापूर्वीच परीक्षा मंडळ बरखास्त व्हावे, तसा हा प्रकार. अपयश आले असते तर निदान आपण कोठे उभे आहो ते कळले असते. येथे ‘बरे’ नाही आणि ‘वाईट’ही नाही, नुसती शांतता!

हे दुर्दैव त्यांच्या एकट्याचे नव्हते. रोममधील ‘बुओन वेक्क्यो चार्ली’ या वृंदाने १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत संपूर्ण संग्रह ध्वनिमुद्रित केला होता. त्याच्या पहिल्या रचनेत नॉर्वेचा प्रख्यात संगीतकार ग्रीग याच्या ‘पीर गिंट’ मधील सुप्रसिद्ध धून मोठ्या कल्पकतेने गुंफलेली आहे. तो संग्रह प्रकाशात आला तो १९९० मध्ये. सानरेमो भागातील ‘चेलेस्ते’ या वृंदाची तबकडी १९७४ मध्ये मुद्रित होऊनही १९७६ पर्यंत अडून राहिली. छोट्या कंपन्या उत्साहाने निघत आणि भांडवल संपताच मिटत. त्यांच्याबरोबर कलावंतांचे श्रमही बुडत.

ध्वनिफीत म्हणजे काय?

येथे क्षणभर थांबून, हे संगीत इतकी वर्षे कोणत्या वस्तूत झोपून राहिले होते, ते पाहू.

ध्वनिफीत ही प्लॅस्टिकची एक अरुंद, लांबलचक पट्टी असते. तिच्या एका अंगास लोहाच्या ऑक्साइडची, म्हणजे एका प्रकारच्या गंजाचीच, अतिशय बारीक भुकटी एका चिकट द्रव्याने बसविलेली असते. गायकाच्या आवाजाने मायक्रोफोनमध्ये विजेची कमीजास्त होणारी लहर उत्पन्न होते. ती लहर एका लहानशा विद्युच्चुंबकात सोडतात आणि त्याच्यासमोरून फीत सरकत जाते. मोठ्या मुद्रणगृहांत हा वेग पुष्कळदा सेकंदास सुमारे ३८ सेंटिमीटर ठेवीत. आवाज जसा चढेल वा उतरेल तसे भुकटीचे कण कमीअधिक चुंबकित होतात. तीच फीत पुन्हा तशाच चुंबकासमोरून नेली, की कणांत साठलेली लहर पुन्हा विजेत आणि वीज पुन्हा आवाजात रूपांतरित होते. थोडक्यात, गाणे गंजावर लिहिले जाते!

हे लिखाण चिरंजीव नसते. फितीवरील चिकट द्रव्य हवेतील ओलावा शोषून घेते आणि कालांतराने चिघळते. अशी फीत यंत्रावर चढविली तर ती चिकटते, किंचाळते आणि तिच्यावरील भुकटी सुटून येते. म्हणजे गाणे ऐकता ऐकताच खरवडले जाते. अशा फितींना जाणकार तंत्रज्ञ सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या मंद उष्णतेत कित्येक तास काळजीपूर्वक शेकतात. त्यामुळे ओलावा काही काळापुरता जातो आणि तेवढ्या अवधीत फीत वाजवून तिची नवी नक्कल करून घेता येते. दुसरे संकट असे की, गुंडाळलेल्या फितीचा एक थर शेजारच्या थरावर आपला पुसटसा ठसा उमटवितो, त्यामुळे गाणे सुरू होण्यापूर्वीच त्याची सावली ऐकू येते. तिसरे संकट नकलांचे. एका फितीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी नक्कल करीत गेले, की प्रत्येक वेळी मूळचा तजेला थोडा उणावतो आणि खरखर थोडी वाढते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. फीत कपाटात ठेवली म्हणजे ती जपली, असे नव्हे. बियाण्याला जशी वाळवण लागते, कीड पाहावी लागते, तशीच तिची निगा राखावी लागते. विसरलेली वस्तू आपोआप सापडत नाही. ती सापडावी यासाठी कोणीतरी ती टाकून न देण्याचा निश्चय आधी करावा लागतो.

हंगाम आला

मग हा हंगाम आला तरी कसा? त्याची दोन कारणे दिसतात.

पहिले कारण म्हणजे दूरदेशीचे रसिक. इटलीत १९७६ नंतर लोकांची आवड पालटली आणि हे दीर्घ संगीत जुनाट ठरले. परंतु जपानमध्ये त्याचे निष्ठावंत चाहते निर्माण झाले होते. तेथील ‘किंग रेकॉर्ड्स’ या कंपनीने १९८० नंतरच्या दशकात इटालियन वृंदांच्या दुर्मिळ तबकड्या पुन्हा छापून काढल्या. ज्यांची भाषा त्यांना कळत नव्हती, ज्यांचे गाव त्यांनी पाहिले नव्हते, त्यांचे संगीत त्यांनी जपले. घरच्यांनी विसरावे आणि परक्याने आठवण ठेवावी, असे जगात अनेकदा घडते.

दुसरे कारण यांत्रिक. १९८२ मध्ये बाजारात आलेली छोटी चकचकीत तबकडी, म्हणजे सीडी, पुढील काही वर्षांत स्वस्त झाली. थोड्या भांडवलावर, थोड्या प्रती काढून, मोजक्या रसिकांपुरते प्रकाशन करणे आता शक्य झाले. सानरेमो येथे ‘मेलो रेकॉर्ड्स’ नावाची अशीच एक लहान कंपनी उभी राहिली. तिच्या दोन संस्थापकांपैकी एक, चिरो पेर्रीनो, हा स्वतः ‘चेलेस्ते’ वृंदाचा ड्रमवादक. आपल्या तबकडीने दोन वर्षे वाट पाहिली हे ज्याला ठाऊक होते, त्याला इतरांच्या अडून राहिलेल्या संगीताची कळ लागली असल्यास आश्चर्य नाही. या कंपनीने १९९२ मध्ये ‘इल तेंपो देल्ला सेमिना’ प्रसिद्ध केले. पेरणी आणि उगवण यांच्यामध्ये सतरा-अठरा वर्षे लोटली होती! पुढे १९७४ मधील एका मैफिलीचे ध्वनिमुद्रणही प्रकाशित झाले, आणि ज्या वृंदाची एकच तबकडी जगाला माहीत होती, त्याचे पूर्ण चरित्र कानांनी वाचता येऊ लागले.

मधल्या काळात पेरणारे कोठे होते?

कथा येथेच संपविली असती तर ती सुखान्त ठरली असती. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे: ज्यांनी पेरले, त्यांचे काय झाले?

‘बाफ्फो’ बान्फी याने विजेवर चालणाऱ्या स्वरयंत्रांच्या संगीताचा मार्ग धरला आणि १९७८ ते १९८१ या काळात स्वतःचे तीन संग्रह प्रसिद्ध केले. त्यांतील शेवटचा, या क्षेत्रातील जर्मन अग्रणी क्लाउस शुल्झे याने स्थापन केलेल्या कंपनीकडून निघाला. ‘पिल्ली’ कोस्सा आणि माउरो न्येक्की या दोघांनी पुढे पुष्कळ वर्षांनी नव्या साथीदारांसह वृंद पुन्हा उभा केला, आणि २००९ मध्ये जुन्या गीतांना लोकसंगीताच्या वाद्यांचा साज चढवून त्यांचा नवा संग्रह काढला. २०१५ मधील त्यांच्या दुसऱ्या संग्रहाला त्यांनी जुन्या गीताचेच नाव दिले: ‘जग, झुंज, विचार कर’. उगवलेल्या पिकातून पुन्हा बियाणे राखावे, तसेच हे झाले.

आणि गायक क्लाउदिओ कानाली? ज्याने तारुण्यात ‘नरकाचे तिकीट’ या नावाखाली पाप आणि क्षमा यांचे गीत गाइले, त्याने पुढे संसाराचा मार्ग सोडला. तो ख्रिस्ती साधू झाला, ‘फ्रा क्लाउदिओ’ म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि टस्कनीच्या डोंगराळ भागातील एका एकान्त मठीत राहिला. तेथेच राहून २०१८ मध्ये त्याने जगाचा निरोप घेतला. मांझोनीच्या कादंबरीतील फ्रा क्रिस्तोफोरोची आठवण येथे कोणाला होणार नाही? अर्थात, कादंबरीतील साधूच्या हातून रक्त सांडले होते; कानालीच्या हातात बासरी होती. परंतु एकाच परिसरातील दोन माणसे, एक कल्पनेतील आणि एक प्रत्यक्षातील, जगाच्या गलबल्यातून त्याच एकान्ताकडे गेली, हे साम्य मनास चटका लावून जाते.

या माहितीमुळे आपल्या कथेचा अर्थ थोडा बदलतो. ‘कष्टाचे फळ कधी ना कधी मिळतेच’ असे सुभाषित येथे लिहून देणे सोपे आहे. पण ते पुरते खरे नाही. फळ आले तेव्हा ज्यांनी ते चाखावयाचे ते सहा तरुण उरलेच नव्हते. त्यांच्या ठिकाणी वयस्क, निरनिराळ्या वाटांनी गेलेली सहा माणसे होती. १९७५ मध्ये तबकडी निघाली असती तर वृंद टिकला असता काय, तिसरा संग्रह झाला असता काय, याची उत्तरे कोणतीही कंपनी छापून देऊ शकत नाही. उशिरा मिळालेला मान हा मान खराच. पण तो गेलेली वर्षे परत आणीत नाही. म्हणून ज्याचे कौतुक करावयाचे ते तो ऐकावयास आहे तोवर करावे, ही या कथेची पहिली शिकवण.

दुसरी शिकवण अशी की, फळाचा भरवसा नसतानाही काम चांगलेच केले पाहिजे. त्या तरुणांनी दुसरा संग्रह ‘कसाबसा’ उरकला असता, तर १९९२ मध्ये तो कोणी ऐकला असता काय? फितीने केवळ आवाज राखला. पण राखण्याजोगे काही तरी त्यांनी आधी तिच्यावर उतरविले होते. बियाणे पोचट असेल, तर सतरा वर्षे जपूनही त्यातून काय उगवणार?

तिसरी शिकवण आपल्या घराशी संबंधित आहे. आपल्याकडेही कित्येक कुटुंबांच्या कपाटांत जुन्या कॅसेटी पडून आहेत. कोणात आजीच्या ओव्या असतील, कोणात देवळातील भजनी सप्ताह, कोणात गावच्या नाटकातील पदे, तर कोणात आता हयात नसलेल्या एखाद्या आप्ताचा साधा बोलण्याचा आवाज. त्या कॅसेटीही गंजाच्या भुकटीवरच लिहिलेल्या आहेत, आणि आपल्या कोंकणपट्टीची दमट हवा त्यांची वैरीण आहे. त्यांची नक्कल जाणत्याकडून वेळीच करून घेणे, प्रत्येकीवर कोणाचा आवाज, कोणते गाव, कोणते साल हे नीट लिहून ठेवणे, हे काम विद्यार्थ्यांना करता येण्यासारखे आहे. नाव नसलेली फीत सापडली तरी ती अर्धी हरवलेलीच असते. आणि हल्लीच्या दूरध्वनीत आपण जे सहज मुद्रित करतो, तेही एकाच ठिकाणी ठेवल्यास यंत्र बिघडताच नाहीसे होते, हे विसरू नये.

कोमो सरोवराकाठच्या त्या तरुणांनी आपल्या संग्रहाला ‘पेरणीचा काळ’ हे नाव दिले, तेव्हा ते त्याच्या भविष्याचेच नाव ठरेल, असे त्यांच्या स्वप्नीही आले नसेल. पेरणारा एक, राखणारा दुसरा आणि पीक पाहणारा तिसरा, अशी ही साखळी आहे. तिच्यातील एकही दुवा सुटता, तर आज हे संगीत आपल्यापर्यंत आले नसते. प्रत्येकाला पेरण्याचे भाग्य लाभेलच असे नाही. पण राखण्याचे काम मात्र कोणालाही करता येते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. दीर्घ तबकडीच्या शोधाने संगीताच्या रचनेत कोणता बदल घडून आला?
२. ध्वनिफितीवर आवाज कसा साठविला जातो आणि तिला कोणकोणत्या कारणांनी हानी पोहोचते, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. ‘उशिरा मिळालेला मान गेलेली वर्षे परत आणीत नाही’ या विधानाचे लेखातील उदाहरणाने स्पष्टीकरण करा.
४. ‘मेंते, सोला मेंते’ या शीर्षकातील श्लेष उलगडून दाखवा. असा श्लेष असलेली मराठीतील दोन उदाहरणे द्या.
५. आपल्या घरी किंवा शेजारी असलेल्या एका जुन्या ध्वनिमुद्रणाची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा: आवाज कोणाचा, प्रसंग कोणता, साल कोणते, आणि ते आजवर कोणी जपले?